तळाची माती

आमच्या विहिरीत बुडी मारून तळ गाठला, हे सिद्ध करायची एकच रीत होती. वर येताना मुठीत तळाची माती आणायची. पाण्याबाहेर आधी मूठ काढायची, मग डोकं. काठावर बसलेली पोरं मूठ उघडायला लावायची. काळा, गार, चिकट गाळ दिसला की तुझं नाव पोहणाऱ्यांत. मूठ रिकामी निघाली, तर तू अर्ध्यातूनच परत फिरलास.

नरसी नामदेव हे माझं गाव. हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठावर. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून इथं वारकरी येतात, पंजाबातून शीख यात्रेकरू येतात. आमच्या नदीचं पाणी पैनगंगेला मिळतं आणि पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात जातं. मी उलट्या दिशेला निघालो आणि अरबी समुद्रावर आलो. गेली अकरा वर्षं मी मालवणला स्कूबा डायव्हिंगचं काम करतो. लोकांना पाण्याखाली नेतो, पोवळी आणि मासे दाखवतो, सुखरूप वर आणतो.

पोहायला मला आजोबांनी शिकवलं. पाठीला वाळलेला भोपळा, कमरेला कासरा आणि कासऱ्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात. मी हातपाय झाडायला लागलो की ते वरून ओरडायचे, “पाण्यासंगं भांडू नको लेकरा. ते तुला उचलून धरतंय, धरू दे.” आमची विहीर सहा परस खोल. हात वर करून उभा राहिलेला माणूस जितका उंच, तितका एक परस. पाणी पावसाळ्यानंतर तीन परस, उन्हाळ्यात गुडघाभर. घरी कुणी पाहुणा आला की चहाआधी विचारायचा, “विहिरीला किती हाय?” आमच्याकडे पाण्याबद्दलचा पहिला प्रश्न ‘किती’ हाच असतो. प्यायला किती, हळदीला किती, जनावरांना किती, आणि पुढच्या पावसापर्यंत किती दिवस पुरेल. मीही पाण्याकडे तसंच बघत मोठा झालो. पाणी म्हणजे मोजायची आणि पुरवायची वस्तू.

मालवणला आलो तेव्हा ज्या होडीवर मला काम मिळालं, तिचे तांडेल रोज सकाळी बंदरावर उभे राहून दुसऱ्या होडीवाल्यांना विचारायचे, “पाणी कसा आसा?” उत्तर यायचं, “निवळ आसा,” नाहीतर “गढूळ आसा, बाहेरचो वारो सुटलो.” ‘किती’ असं तिथं कुणी विचारत नव्हतं. ‘किती’पासून ‘कसं’पर्यंत यायला मला दोन हंगाम लागले.

कामाची सुरुवात ओझी वाहण्यापासून झाली. पहाटे सिलिंडर भरायचे. कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं तोंड इंजिनाच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला आहे ना, ते पाहायचं, कारण धूर सिलिंडरात गेला तर तो खाली माणसाच्या छातीत जातो. बारा लिटरच्या सिलिंडरात दोनशे पट दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे चोवीसशे लिटर हवा. नवखा माणूस घाबरून श्वास घेत असेल, तर ती भराभर संपते. शांत माणसाला तीच हवा दुप्पट वेळ पुरते. या ठिकाणी ‘किती’ हा प्रश्न मला पुन्हा भेटला, पण त्याचं उत्तर तुमच्या मनाच्या अवस्थेवर अवलंबून होतं.

पुढे रीतसर प्रशिक्षण घेतलं, तेव्हा पहिल्याच दिवशी विहिरीतलं शिक्षण उलटं झालं. विहिरीत सगळी विद्या श्वास रोखण्याची. जो जास्त वेळ रोखेल तो मोठा. स्कूबाचा पहिला नियम मात्र असा, की श्वास कधीही रोखायचा नाही. कारण सरळ आहे. दर दहा मीटर पाण्याला आपल्या डोक्यावरच्या अख्ख्या वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला, तर दाब अर्ध्यावर येतो आणि छातीतली हवा दुप्पट व्हायला बघते. फुफ्फुसाला ते झेपत नाही. म्हणून वर येताना सावकाश यायचं, आपल्याच बुडबुड्यांना मागे टाकायचं नाही आणि श्वास चालू ठेवायचा.

लहानपणी विहिरीच्या तळाशी कान का ठणकायचे, हेही तिथं कळलं. बाहेरचं पाणी कानाचा पडदा आत ढकलतं. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं की आतली हवा बाहेरच्या दाबाशी जुळते आणि दुखणं थांबतं. आमच्या गावातल्या कितीतरी पोरांनी हे माहीत नसल्यामुळे कान दुखवून घेतले. ठणका सहन करणं म्हणजे हिंमत, अशीच आमची समजूत होती.

आणखी एक गोष्ट शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पाण्यात धड बुडायचंही नाही आणि तरंगायचंही नाही, मधेच लटकून राहायचं. जाकिटातली हवा आणि कमरेचं शिसं यांचा मेळ बसला की उरलेलं काम श्वास करतो. छाती भरली की देह बोटभर वर जातो, रिकामी झाली की बोटभर खाली येतो. हे पहिल्यांदा साधलं, त्या दिवशी मला गावातलं कीर्तन आठवलं. राजस्थानातल्या कोलायतची गोष्ट. ज्ञानदेव आणि नामदेव तीर्थयात्रेत तहानेने व्याकूळ झाले. विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म होऊन आत उतरले आणि पाणी प्याले. नामदेव काठावरच राहिले, त्यांनी विठ्ठलाला हाक मारली आणि विहीर भरून वाहू लागली. आम्ही नरसीची पोरं, त्यामुळे नामदेवांच्या बाजूची. पाणी वर आलं की टाळ्या पिटायचो. ज्ञानदेवांनी उतरण्यासाठी आधी स्वतःला हलकं आणि लहान केलं, या गोष्टीकडे माझं लक्ष गेलं ते मालवणच्या समुद्रात, सहा मीटर खोल, श्वासावर लटकलेला असताना.

मालवणचा समुद्र समजून घ्यायचा तर सिंधुदुर्ग किल्ल्यापासून सुरुवात करावी लागते. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं, ते १६६७ साली पुरं झालं. बेटाच्या भोवती पाण्याखाली आणि पाण्याबरोबरीने खडक पसरले आहेत. वाट माहीत नसलेलं जहाज त्यांच्यावर फुटायचं, म्हणजे ते खडक किल्ल्याचा बाहेरचा तटच होते. आज त्याच खडकांवर पोवळी आहेत. हा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आपली मासेमारी जाईल, ही मच्छीमारांची भीती तेव्हापासूनची, आणि ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांची ती भीती खरी आहे. मी ज्या तांडेलांकडून समुद्र शिकलो, त्यांच्या तोंडूनच ती ऐकली आहे.

एका फेरीचं वर्णन करतो. होडी खडकापासून दूर, वाळूवर नांगरायची, नाहीतर नांगर पोवळ्यांवर पडतो. पाहुण्याला उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला लावायचं. खुणा शिकवायच्या. अंगठा वर म्हणजे ‘छान’ असं सगळ्यांच्या हाताला वळण असतं, पण पाण्यात त्याचा अर्थ ‘मला वर ने’ असा होतो. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनी यांचं गोल कडं करायचं. मग मी पाठीमागून सिलिंडरचा वरचा भाग धरतो आणि आम्ही दोराच्या कडेने हळूहळू उतरतो. दर हातभर खाली गेलं की थांबायचं, कान सांभाळायचे, डोळ्यांत बघायचं. माणूस घाबरला की आधी त्याचे डोळे सांगतात, हात नंतर.

पाच मीटरवर सगळं बदलतं. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा माणसाभोवती फिरायला लागतो. फुलपाखरू मासे जोडीने हिंडतात. कपारीच्या तोंडाशी गोबरा बसलेला असतो, आपल्या घराच्या ओट्यावर बसल्यासारखा. खाचेतून शेवंडाच्या मिश्या हलताना दिसतात. म्हाकूल समोरून जाताना दोनदा रंग पालटतं. पोपटमासा दगडावर चोच मारतो, तो कडकड आवाज स्पष्ट ऐकू येतो, पण कुठून येतो ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने धावतो आणि दोन्ही कानांना एकाच वेळी पोचल्यासारखा वाटतो. हा मासा दगडावरचं शेवाळं खरवडतो, त्याबरोबर पोवळ्याचा चुरा गिळतो आणि वाळू करून सोडतो. प्रवाळांच्या समुद्रातली पुष्कळशी पांढरी वाळू अशी माशांच्या पोटातून आलेली असते.

आणि पोवळी. काही गोल घमेल्यांसारखी, काही पानांच्या चुण्यांसारखी, तपकिरी, हिरवट, पिवळसर. वरवर दगड, पण त्या दगडावर हजारो बारीक जीव राहतात आणि त्यांच्या अंगात त्याहून बारीक शेवाळं राहतं. रंग त्या शेवाळाचा. अन्नही बरंचसं तेच पुरवतं. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की हा संसार मोडतो. शेवाळं बाहेर पडतं आणि पोवळं पांढरंफटक होतं. २०१४ ते २०१७ या काळात जगभर पोवळी अशी पांढरी पडली, त्यातून मालवण सुटलं नाही. पांढरं पोवळं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा काही क्षण ते मला सुंदर वाटलं होतं. काय पाहतो आहे हे कळल्यावर मी पाहुण्याला तिथून दुसरीकडे वळवलं. गोल दगडासारखं पोवळं वर्षाकाठी सेंटिमीटरभर वाढतं. घमेल्याएवढ्या एका पोवळ्यावर पायातल्या फिनचा फटका बसला, तर माझ्या वयाएवढी मेहनत जाते.

दुसऱ्या हंगामातली गोष्ट. एका कुटुंबाबरोबर आलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा होडीतच बसून होता, लहान म्हणून त्याला पाण्यात घेतलं नव्हतं. त्याच्या आईला वर आणताना मी तळावरचा एक सुंदर शंख उचलला. वर आलो, आधी मूठ बाहेर काढली, मग डोकं. विहिरीतली सवय. मुलाच्या हातावर शंख ठेवला. थोड्या वेळाने शंखातून पाय बाहेर आले. आत खेकडा होता, दुसऱ्याच्या सोडलेल्या शंखात संसार थाटणारा. मुलगा हरखला. तांडेल सुकाणूवरून नुसतं बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, “झिला, तू तेचा घर हाडलंस.”

त्यांनी होडी वळवली. मी पुन्हा खाली गेलो आणि शंख जिथून घेतला होता, जवळपास तिथंच ठेवला. खेकडा बराच वेळ बाहेर आला नाही. मी तिथं थांबलो. तळाशी जाऊन काहीतरी घेऊन यायचं, हे माझ्या हाताला इतकं पक्कं शिकवलेलं होतं की मी कधी त्याचा विचारच केला नव्हता. त्या सुमारास आम्ही मासे गोळा व्हावेत म्हणून पावाचे तुकडेही खाली नेत असू, फोटो चांगला येतो म्हणून. तेही मी सोडलं. ज्या माशाचं काम दगड खरवडण्याचं, त्याला पाव दिला तर दगडावर शेवाळं माजतं आणि पोवळ्याला बसायला जागा उरत नाही.

पाण्यात उजेड वाकतो, त्यामुळे सगळं पाऊण अंतरावर आणि मोठं दिसतं. म्हणून नवख्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो आणि चुकतो. आता मी उतरण्याआधी प्रत्येकाला दोन्ही हात छातीशी बांधायला सांगतो. पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, तोडणं गुन्हा आहे, हेही सांगतो. पण कायद्यापेक्षा शंखातल्या खेकड्याची गोष्ट लोकांच्या जास्त लक्षात राहते.

एकदा परभणीकडच्या एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, पोहता न येणाऱ्या, मुलाने आग्रह केला म्हणून आलेल्या. बोली ऐकून मला घर भेटल्यासारखं झालं. मी त्यांना मावशी म्हणालो आणि त्यांचा अर्धा धीर तिथंच आला. चार मीटर गेलो. त्या जराही हलल्या नाहीत, हात छातीशी, डोळे मोठे. वर आल्यावर तोंडातली नळी काढून त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, “समदं गावच हाय की रं खाली!” अकरा वर्षांत हजारो लोकांनी वर येऊन काहीबाही सांगितलं. इतकं नेमकं कुणी बोललं नाही.

मे महिन्याच्या अखेरीस समुद्र पर्यटकांना बंद होतो, होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या जातात. मी गावाकडे जातो. पेरणी, सोयाबीनची कोळपणी, आषाढीची वारी, असे तीन महिने. अशाच एका पावसाळ्यात आजीने गळ्यातली पोत पुढे करून विचारलं, “हे तुझ्या समुद्रातलं का रे?” तिच्या पोतीत काळ्या मण्यांत दोन लाल पोवळी आहेत, तिच्या आईकडून आलेली. मी नाही म्हणालो. ते लाल पोवळं पार भूमध्य समुद्रातलं. फार जुन्या काळापासून इटलीकडून, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून जहाजांनी आपल्याकडे येत राहिलेलं. आम्हाला मोती जितका मोलाचा, तितकं हिंदी लोकांना पोवळं, असं प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. आमच्या मालवणच्या पोवळ्याचा सांगाडा पांढरा असतो, त्याचा सांगाडाच लाल. ते खोल, अंधाऱ्या कपारीत वाढतं आणि त्याची फांदी वर्षभरात मिलिमीटरभरही जाड होत नाही.

गंमत म्हणजे ज्या यंत्रावर माझं पोट आहे, ते समुद्रात पहिल्यांदा उतरलं तेही त्याच भूमध्य समुद्रात. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी ते घडवलं. पेट्रोलच्या टंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी केलेली एक झडप गान्यांकडे होती. तीच बदलून त्यांनी माणूस ओढेल तेवढीच हवा देणारी झडप केली. पण ही विद्या हाती आल्यावर माणसाने पहिल्यांदा केलं काय? भूमध्य समुद्रात शतकानुशतकं लाकडी क्रूसाला जाळी बांधून ती खडकांवरून ओढत आणि मोडलेलं पोवळं गोळा करत. स्कूबा आल्यावर ज्या कपारींत जाळी पोचत नव्हती तिथं माणसं पोचली आणि हाताने तोडू लागली. ती जाळी युरोपीय संघाने १९९४ साली बंद केली. तिकडेही तळाशी जायचं ते मूठ भरून यायलाच. मात्र फ्रान्सने १९६३ साली पोर-क्रो बेटाभोवतीचा समुद्र राखायचं ठरवलं, आणि तिथं शिकारीने जवळपास संपलेला गोबऱ्याच्या जातीचा मासा काही दशकांनी पुन्हा कपारींच्या तोंडाशी दिसू लागला. राखलं तर परत येतं, एवढं मला त्यातून पुरेसं आहे.

आजीला मी आणखी एक सांगितलं. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विझतो. पाच-सात मीटरवर तो मळका होतो, पुढे काळपट. तिचं पोवळं जिथं वाढलं, तिथं ते कुणालाच लाल दिसलं नसेल. बॅटरी नेली तरच. आजी बराच वेळ पोत बोटांत धरून बसली. “मंग ते कुणासाठी लाल व्हतं?” तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्यासाठी नव्हतं, एवढं मात्र आम्हा दोघांनाही कळलं.

त्याच पावसाळ्यात पोळ्याच्या आधी आठ दिवस उघाड पडली. विहिरीचं पाणी निवळलं. पुतण्या पोहायला लागला होता आणि त्या दिवशी त्याला तळाची माती आणायची होती. आजोबा काठावर बसले होते. ऐंशीच्या घरातले, डोळ्यांनी आता कमी दिसतं, पण कासरा त्यांच्याच हातात. मी पिशवीतून मास्क काढला, आधी स्वतः लावला आणि बुडी मारली. याच विहिरीत मी शेकडो वेळा तळ गाठला होता, पण डोळे मिटून. माती घ्यायची आणि पळायचं, तिथं बघायचं काय होतं?

वरून हिरवा उजेड तिरका खाली उतरला होता. दगडी बांधकामाच्या सांध्यांत गोगलगायी चिकटलेल्या. बोटाएवढे मासे एका कपारीपाशी ताटकळत होते. तिथं पाणी गार लागलं. जवळ गेलो. कपारीतून बारीक वाळू सारखी उसळत होती, आधणासारखी, आणि परत बसत होती. झरा. ज्याच्यावर आमचं घर, हळद, बैल सगळं जगलं, तो झरा मी चौतीस वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो. हात पुढे गेला आणि थांबला.

पुतण्याला मास्क दिला, कानांचं सांगितलं. तो गेला आणि वर आला, दोन्ही हात मोकळे. काठावरच्या पोरांनी गलका केला, “माती कुठंय?” तो धापा टाकत आजोबांकडे वळून म्हणाला, “पंजोबा, खाली वाळू नाचतीय!”

आजोबांनी कासरा सैल केला. ही विहीर त्यांनी १९७२ च्या दुष्काळात खणली होती, पहारीने आणि सुरुंगाने. त्यांनी विचारलं, “कोण्या अंगाला?”

“उगवतीच्या, मोठ्या दगडाखाली,” मी म्हणालो.

ते मान हलवत राहिले. “तिथंच फुटला व्हता,” ते म्हणाले. “आम्ही चौघं खाली व्हतो. पाणी पायाला लागलं आन् समदे गप झाले. मंग कवा दिसलाच न्हाई.”

मग त्यांनी पुतण्याला जवळ बसवलं आणि पाणी कसं दिसतं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.